अस्वच्छ नमुना

काट्याचा निकाल आला तेव्हा ऋजुता मुळ्ये डबा खात होती. निकाल चारनंतर येईल असं सांगितल्यामुळे तिने निवांतपणे भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या समोर मांडल्या होत्या. दीड वाजताच पडद्यावर दोन ओळी उमटल्या. फूल : शंभरात एकोणीस. शेवाळ : शंभरात चौऱ्याहत्तर. दुसरी पोळी तशीच राहिली.

रत्नागिरीच्या जैवनिवड केंद्रात काटा येऊन चार वर्षं झाली होती. दिसायला तो लोणच्याच्या बरणीएवढा पांढरा डबा. त्यात चिमूटभर मूळ, पान, माती टाकायची. त्या चिमटीत जे जे जिवंत आहे त्या सगळ्यांची जनुकं तो वाचतो आणि त्या जीवाचं एक गणिती रूप बांधतो. मग त्या रूपाला पुढची शंभर वर्षं जगायला लावतो. वाढता उन्हाळा, हुकलेला पाऊस, कीड, रोग, सगळं त्याच्या वाट्याला घालतो, आणि हे एकदा नव्हे, दहा हजार वेळा करतो. त्यातल्या किती वेळा तो जीव शेवटी शिल्लक राहिला, तो आकडा पडद्यावर येतो. २०४३ सालात माणसं काट्यावर जेवढा विश्वास ठेवत होती तेवढा एकमेकांवर ठेवत नव्हती.

या खेपेला काट्यावर चढले होते भराडसड्यावरचे दोन जीव. भराडसडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. तिथे विजेसाठी तलाव होणार होता. दुपारच्या उन्हातल्या विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून पुन्हा वीज करायची. मे महिन्यात तलाव भरणार, आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेले दोन जीव पाण्याखाली जाणार, हे कळल्यावर केंद्राच्या मंडळाने नियमाप्रमाणे एक धुकेघर मंजूर केलं होतं.

धुकेघर म्हणजे काचेची मोठी खोली. मूळ जागेचा तुकडा उचलून आत ठेवायचा आणि तिथलं ऊन, धुकं, पाऊस, वारा तासातासाने आत घडवायचा. पण एका घरात हवामान एकच. त्यातलं फूल म्हणजे कंदीलपुष्प, गावात त्याला खरपुडी म्हणतात. त्याच्या कंदाला डिसेंबरपासून मेपर्यंत कडकडीत कोरडं ऊन लागतं, ओल लागली की तो कुजतो. शेवाळ सापडलं ते बारमाही पाझराखाली. दोघांना एका घरात ठेवायचं म्हणजे एकाचा जीव घ्यायचा. तालुक्याला घर एकच, आणि दुसऱ्यासाठी राज्यभरातले अठ्ठावन्न जीव आधीच रांगेत होते.

काटा नुसता तोलतो, ठरवत नाही. कायद्याने सही माणसाचीच लागते, आणि त्या माणसाला तोलदार म्हणतात. भराडसड्याची तोलदार होती ऋजुता.

"मुळ्ये, बघितलंत ना?" मंडळाचे सचिव हेगिष्टे दारातच उभे राहून म्हणाले. "आकडा स्वच्छ आहे. शेवाळाला घर. महिनाअखेरपर्यंत सही करून टाका."

"बघितलं, सर."

"फुलाच्या नावात तुमच्या आईचं नाव आहे, म्हणून तुम्हाला यातून काढा असं दोघं-तिघं म्हणत होते. मी म्हटलं, काट्याला आई नसते, तो बघून घेईल." हेगिष्टे माणूस वाईट नव्हता. आपण फार दिलाशाचं काही बोललो असं त्यांना मनापासून वाटत होतं.

ऋजुताने डब्याचं झाकण लावलं. आता बाबांना सांगायला हवं होतं.

*

प्राध्यापक विद्याधर मुळ्ये यांनी सदतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते भराडसड्याच्या पायथ्याशी येऊन राहिले. हे कंदीलपुष्प त्यांनीच जगापुढे आणलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. सुमती मुळ्ये प्राथमिक शाळेत मास्तरीण. शास्त्राची पदवी नाही, पण दर रविवारी नवऱ्याबरोबर सडा तुडवायची, नमुने काढायची, वाळवायची, कागदावर शिवायची. ती गेली त्याला एकवीस वर्षं झाली होती. तिचा फोटो घरात कुठेच लावलेला नव्हता. मागच्या पडवीत कंदीलपुष्पाच्या अकरा कुंड्या मात्र ओळीने होत्या.

"एकोणीस?" प्राध्यापक म्हणाले. ते वर्तमानपत्राच्या कागदांची चळत सरळ करत होते, ती करतच राहिले. "कशावरून एकोणीस?"

"बी रुजत नाही, बाबा. तुमच्याच कुंड्यांमधला नमुना दिला होता मी. एकवीस वर्षांत तुम्ही किती बिया लावल्या?"

"चारशे बारा."

"आणि रुजल्या?"

तीन रुजल्या होत्या आणि तिन्ही महिन्याभरात मेल्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं. सड्यावर चौदा कंद उरले होते आणि तेही म्हातारे. नवं रोप म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि ते शेवाळ?"

"ते तग धरतं."

"शेवाळ!" चळत बाजूला आपटली गेली. "अगं, ज्याला मूळ नाही, फूल नाही, बी नाही! पाय घसरून पडण्यापलीकडे माणसाचा ज्याच्याशी संबंध नाही! आणि इकडे हे बघ." प्राध्यापक वर्गात उभे राहिल्यासारखे उभे राहिले. मुलगी चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तिला हे पाठ होतं, तरी तिने ऐकून घेतलं. "हे फूल आपल्या नळीत माशीला बोलावतं. आतले केस खाली झुकलेले, म्हणून माशी आत जाते पण बाहेर येत नाही. रात्रभर ती आत फिरते, परागांनी माखते. सकाळी केस कोमेजतात, दार उघडतं, माशी सुखरूप बाहेर. एवढी अक्कल त्या हिरव्या पायपुसण्यात आहे का?"

"अकलेचा आकडा नाही काढत काटा. आणि बाबा, शेवाळही काही कमी नाही. त्याला मूळ नाही, म्हणून ते अख्ख्या अंगाने पाणी पितं. आपण ज्याला…"

"मला शिकवू नकोस." ते एकदम थकल्यासारखे खुर्चीत बसले. "तुझी सही आहे ना? कर. फक्त मला येऊन सांगू नकोस."

ऋजुताला रागही आला आणि रडूही. खरं तर ते शेवाळ तिने शोधलं होतं, पाच वर्षांपूर्वी. तिच्या आयुष्यातला तो एकुलता एक शोध, आणि त्याबद्दल बाबा 'बरं' एवढंच म्हणाले होते. आता तोच शोध आईच्या फुलाच्या गळ्याशी आला होता. घर कुणालाही मिळालं तरी आपण काहीतरी मारून आलो असंच तिला वाटणार होतं.

"नमुना नीट धुऊन दिला होतास?" ती पायऱ्या उतरत असताना मागून प्रश्न आला.

"हो, बाबा. तीन पाण्यांनी."

ही मुळ्ये घराण्याची शिस्त. माती लागलेला नमुना म्हणजे आळशी माणसाचा नमुना, हे वाक्य ऋजुताने अक्षरओळख होण्याआधी ऐकलं होतं. मूळ घ्यायचं, ब्रश फिरवायचा, तीन पाण्यांनी धुवायचं आणि मगच कागदावर किंवा यंत्रात. बाबांचे विद्यार्थी देशभर याच शिस्तीसाठी ओळखले जात.

*

शेवाळाची जागा मोजायला ती दुसऱ्या दिवशी सड्यावर गेली. बरोबर सुगंधा गोताड होती, मंडळाने नेमलेली सडाराखीण. साठीची बाई, पण उन्हात तापलेल्या जांभ्यावरून अशी चालायची की ऋजुताला धावावं लागे. डिसेंबरातच सडा भाजून निघाला होता. चौदा कंदांच्या जागी चौदा खुणेच्या काड्या तेवढ्या उभ्या होत्या. वर काही नाही, कंद खाली झोपलेले.

सड्याच्या पश्चिम कडेला कपारीखाली पाणी थेंबथेंब पाझरत होतं आणि त्या थेंबांखाली, दोन पराती मावतील एवढ्या जागेत, ते शेवाळ होतं. शास्त्रात त्याला मॉस म्हणतात आणि गावात कुणी काहीच म्हणत नाही. ऋजुता गुडघ्यांवर बसली. जवळून पाहिलं की ते पायपुसणं राहत नाही. एकेक दांडी बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर तीन ओळींत पानं, पानाच्या टोकाला रुपेरी केस. इतकं नीटनेटकं काही तिने दुसरं पाहिलं नव्हतं.

"ह्याच्यासाठी येवढं मोजमाप, बाय?" सुगंधा कपारीला टेकून बसली. "आदी तर समद्या सड्यावर व्हतं ह्ये."

"हे? सड्यावर? कोरड्यात?"

"तर! पावसात हिरवंगार आनि उन्हाळ्यात काळं कुळकुळीत. जळल्यावानी दिसायचं. मंग चिरा काढाया मशिनी आल्या, वरचा थर ग्येला, त्याच्याबरुबर ह्येपन ग्येलं. हितं मशीन पोचली न्हाय, म्हनून ऱ्हायलं."

"सुगंधाताई, ते दुसरं असेल. सगळी शेवाळं सारखीच दिसतात."

"तुमास म्हायती," सुगंधा म्हणाली. ज्या माणसाला आपलं म्हणणं खरं आहे हे ठाऊक असतं आणि भांडायचा कंटाळा असतो, त्या सुरात म्हणाली. "तुमची आय मातर वळखायची. खरपुडीचा कंद काढला की चिमूटभर ह्ये संगती घ्यायची. सर वरडायचे तिला."

ऋजुताने मोजपट्टी गुंडाळली. ऐकलं तिने, पण ती मनात सहीचा मजकूर जुळवत होती. ऐकलेलं कानात राहिलं, डोक्यात शिरलं नाही.

*

नियम असा होता की ज्या जीवाला घर नाकारायचं त्याचा पहिला जुना नमुना फाइलला जोडायचा. पुढे कुणी विचारलं, तर निदान एवढं तरी दाखवता यावं. कंदीलपुष्पाचे सगळे जुने नमुने बाबांच्या कपाटात होते. म्हणजे जे सांगायला येऊ नकोस म्हणाले होते, त्यांच्याकडेच मागायला जाणं आलं.

तिने दारातूनच सांगितलं. बाबांनी वाद घातला नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते पडवीत कुंड्यांपाशी जाऊन बसले. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

कपाटात एकोणतीस पत्रकं निघाली. प्रत्येक कागदावर एक वाळलेलं झाड, धुतलेलं, पुसलेलं, इस्त्री केल्यासारखं, पाऱ्याच्या औषधात बुडवून काढलेलं. त्या औषधाने कीड लागत नाही आणि नमुना शंभर वर्षं टिकतो. वास अजून येत होता. एकोणतिसांत आईच्या अक्षरातलं एकही नव्हतं. ऋजुताला आश्चर्य वाटलं, कारण आई तर दर रविवारी नमुने काढायची.

सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या परीक्षेच्या पेपरांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तिसावं पत्रक सापडलं. ते औषधात बुडवलेलं नव्हतं. कोपऱ्यावर बाबांच्या लाल शाईतला शेरा होता, विद्यार्थ्याच्या वहीवर मारावा तसा : 'अस्वच्छ. पुन्हा करावे.' तारीख ऑगस्ट २०२१. पुढच्याच वर्षी आई गेली होती. पुन्हा करायचं राहून गेलं.

अस्वच्छ तर खरंच होतं. कंद जसाच्या तसा शिवलेला, त्याच्याभोवती काळपट चुरा चिकटलेला. खाली चिठ्ठीवर आईचं गोल, मास्तरणीचं अक्षर. नाव, गाव, तारीख, आणि 'कुठे आढळले' या रकान्यात तीन शब्द :

'शेवाळावर. दर वेळी.'

ऋजुताने ते दोनदा वाचलं. मग सुगंधाचं बोलणं कानातून निघून डोक्यात शिरलं.

तिने पत्रक टेबलावर ठेवलं. वाळका नमुना तपासायचा असला की त्यावर पाण्याचा थेंब सोडून तो मऊ करून घेतात, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करतो. तिने ड्रॉपरने त्या काळ्या चुऱ्यावर तीन थेंब सोडले आणि घड्याळ पाहिलं. पहिल्या मिनिटात काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला एक काडी हलली. मुडपलेली पानं दांडीपासून सुटी होऊ लागली, एकामागून एक, तीन ओळींत. टोकाला रुपेरी केस. ते तिचं शेवाळ होतं. पाच वर्षांपूर्वी तिने शोधलेलं, आणि आईने बावीस वर्षांपूर्वी कागदावर शिवलेलं.

"बाबा," तिने हाक मारली. "इकडे या. आत्ताच्या आत्ता या."

*

प्राध्यापक मुळ्ये शास्त्रज्ञ होते. भिंगातून पाच मिनिटं पाहून ते म्हणाले, "मेलेलं शेवाळही पाण्याने उलगडतं. स्पंजही उलगडतो."

"माहीत आहे. म्हणून यंत्र आणलंय."

हिरव्या पानावर विशिष्ट उजेड टाकला की जिवंत पान त्यातला थोडा उजेड परत फेकतं, मेलेलं पान फेकत नाही. ऋजुताच्या पिशवीत त्यासाठी पेनएवढं मापक होतं. पहिल्या दिवशी मापकाचा आकडा हलला नाही. दुसऱ्या दिवशी हलला की नाही यावर बापलेकीचं भांडण झालं. चौथ्या दिवशी भांडायला जागा उरली नाही. त्या बावीस वर्षं कागदात पडलेल्या चुऱ्याने एका टोकाला मोहरीएवढा नवा हिरवा कोंब काढला होता.

ऋजुता दोन वेळा रजा वाढवून घेऊन तिथेच राहिली. बापलेक इतक्या वर्षांनी एका टेबलाशी बसत होते. काय घडलं ते हळूहळू उलगडलं. हे शेवाळ पाझराचं नव्हतंच. ते उघड्या सड्याचं होतं, आणि कोरड पडली की मरत नव्हतं. पेशींमधलं पाणी सोडून देऊन आत साखरेसारखा एक थर करायचं आणि त्या थरात सगळं जपून थांबून राहायचं. पाणी आलं की पुन्हा सुरू. पाझराखाली ते राहत होतं कारण मशीन तिथे पोचली नव्हती, एवढंच. ज्याला आपण त्याची आवड समजत होतो, ती त्याची शेवटची लपण्याची जागा होती.

"म्हणजे त्याला कंदाइतकाच कोरडा उन्हाळा चालतो," बाबा म्हणाले.

"चालतो. दोघांना एकच घर चालतं, बाबा."

"ते झालं. पण बी?" प्राध्यापकांनी खिशातून काडेपेटी काढली. आत अकरा बिया होत्या, या वर्षीच्या सगळ्या. "बी रुजत नाही ते नाहीच. घर मिळून काय करायचंय? चौदा म्हातारे आत ठेवायचे आणि ते संपायची वाट बघायची?"

ऋजुताने कपारीखालून आणलेल्या शेवाळाचा तळहाताएवढा तुकडा पसरट थाळीत ठेवला होता. तिने ती थाळी पुढे सरकवली.

प्राध्यापकांचा हात थबकला. "बी धुतलेल्या निर्जंतुक मातीत लावायचं," ते पुटपुटले. "एकवीस वर्षं मी…"

"आधी? आईच्या वेळी?"

त्यांनी काडेपेटी मिटून टेबलावर ठेवली. "आधी ती लावायची," ते म्हणाले. "सुमती. तिचं रुजायचं. मला वाटायचं तिच्या हाताला गुण आहे. ती गेली आणि मी म्हटलं, आता आपण सगळं शास्त्रशुद्ध करू. कुंड्या उकळून घेतल्या, माती भाजून घेतली." त्यांनी थाळी जवळ ओढली. "हाताला गुण कसला, तिच्या हातात शेवाळ होतं. आणि मी तिला दर रविवारी धुऊन ये म्हणून सांगायचो."

ऋजुताला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि तिने ठेवला. मुळ्ये घराण्यात हे सहसा होत नाही.

अकरा बिया शेवाळावर ठेवल्या गेल्या. नवव्या दिवशी सकाळी ऋजुता दात घासत असताना पडवीतून आरोळी आली. तोंडात पेस्ट तशीच ठेवून ती धावली. बाबा थाळीवर इतके वाकले होते की चष्मा आत पडायचा बाकी होता.

"दोन," ते म्हणाले. "नाही, तीन. ऋजू, तीन आहेत! तो कोपऱ्यातला बघ, टोपी घालूनच आलाय!"

संध्याकाळपर्यंत पाच झाले, आठवड्यात आठ. शेवाळ बीभोवती ओल धरून ठेवत होतं, आणि त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्म जीव रोपाला नत्र पुरवत होते. आणखी एक गोष्ट भिंगातून दिसली. शेवाळाच्या गादीत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. प्राध्यापकांनी त्या लगेच ओळखल्या. कंदिलात रात्रभर कोंडून राहणारी ती माशी इथेच जन्मत होती.

"पाळणाघर आणि बाळंतिणीची खोली, दोन्ही एकाच पायपुसण्यात," ऋजुता म्हणाली.

"हं," प्राध्यापक म्हणाले. पायपुसण्याचा विषय त्यांनी वाढवला नाही.

*

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना ऋजुता नमुन्याची कुपी घेऊन केंद्रात गेली. काट्याच्या डब्याशी उभी राहिली तेव्हा तिचा हात सवयीने ब्रशकडे गेला. तिने तो मागे घेतला. थाळीतल्या एका रोपाच्या मुळाचं टोक, त्याला चिकटलेलं शेवाळ, अळ्या, माती, सगळं होतं तसं आत टाकलं. शेजारचा तंत्रज्ञ डोळे विस्फारून बघत होता.

"मुळ्ये मॅडम, धुवायचं राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलंय."

काट्याची चूक नव्हती. त्याला जे दिलं ते त्याने इमानदारीने तोललं होतं. त्याच्यापुढे एक धुतलेलं फूल ठेवलं होतं आणि एक धुतलेलं शेवाळ. मध्ये जे होतं ते तीन पाण्यांनी मोरीत गेलं होतं. असलं काम आळशी माणसाच्या हातून झालं नसतं, त्याला मुळ्यांची शिस्तच लागते.

या वेळी निकालाला पाच तास लागले. ऋजुता डबा उघडून बसली आणि न खाता बसून राहिली. हेगिष्टे दोन वेळा डोकावून गेले. पावणेसहाला पडदा उजळला. काट्याने दोन ओळी दिल्याच नाहीत. एकच दिली.

भराडसडा, एकत्र : शंभरात एक्क्याऐंशी.

हेगिष्ट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे एकत्र म्हणजे काय? अर्जात तर दोन जीव आहेत."

"घर एकच लागेल, सर. हवामानही एकच."

"म्हणजे कुणालाच सोडायचं नाही?"

"कुणालाच नाही."

हेगिष्टे खुर्चीत बसले आणि चक्क हसू लागले. "बावीस फायली केल्या मी या खुर्चीत. प्रत्येकीत एकाला नाही म्हणायचं. घरी जाऊन बायकोला सांगत नाही मी कुणाला नाही म्हटलं ते. आज सांगेन." मग त्यांना कार्यालयीन आठवण झाली. "सही करा, मुळ्ये. नाकारलेल्या जीवाचा रकाना आहे, तिथे रेघ ओढा."

ऋजुताने रेघ ओढली. इतकी सरळ रेघ तिने शाळेतही ओढली नव्हती. बाहेर येऊन ती गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडली. मग तिला कडकडून भूक लागली आणि तिने दोन्ही पोळ्या तिथेच संपवल्या.

*

फेब्रुवारीत सड्याचे तुकडे धुकेघरात गेले. चौदा कंद, आठ रोपं आणि परात-दोन पराती शेवाळ. मांडणी सुगंधाने सांगितली, कारण पूर्वीचा सडा डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. कुठला कंद कुठल्या चिऱ्याशेजारी, शेवाळ किती जाड, सगळं तिने सांगितलं, आणि 'मी तवाच बोल्ले व्हते' हे दिवसातून चार वेळा ऐकवलं. तिला तो अधिकार होता. मार्च लागला, आतली हवा तापली, शेवाळ काळं पडलं. आपण मेलेलं शेवाळ सांभाळतोय की काय म्हणून तंत्रज्ञाचा फोन आला. ऋजुताने त्याला पावसापर्यंत धीर धरायला सांगितलं.

जुनं पत्रक परत ठेवायला ती बाबांकडे गेली तेव्हा ते पडवीत कुंड्या भरत होते. माती न भाजता, न चाळता. हात कोपरापर्यंत मळलेले.

"आईचं पत्रक आणलंय. कुठल्या कप्प्यात ठेवू?"

"आण इकडे."

"हात धुऊन घेता का?"

त्यांनी ऐकलं नाही. पत्रक मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ ते तीन शब्द बघत राहिले. शेवाळावर. दर वेळी. मग म्हणाले, "लाल पेन दे."

तिने दिलं. त्यांनी आपला जुना शेरा खोडला नाही. त्याच्याखाली, नेटक्या अक्षरात लिहिलं : 'नमुना बरोबर आहे. परीक्षक चुकला.' खाली सही केली, आजची तारीख घातली.

कागद परत देताना त्याच्या कडेवर त्यांच्या अंगठ्याचा मातीचा ठसा उमटला होता, पूर्ण, ओला. ऋजुता लगेच कापूस शोधायला लागली. लहानपणापासूनची सवय.

"राहू दे," बाबा म्हणाले. "पुसू नकोस."